गोंदियाचा इतिहास कोठून आरंभावा?

एखाद्या शहराचा इतिहास सांगणारा लेखक आपलें पहिलें वाक्य कोठून आरंभितो, यावरून त्याच्या पुढील लेखनाची बरीचशी परीक्षा होऊन जाते, असें आमचें मत आहे. गोंदिया शहराविषयीं जें लिहिलें जातें, त्याचा आरंभ बहुधा आगगाडीच्या स्थानकापासून होतो. रूळ आले, जंक्शन झालें, भाताच्या गिरण्या निघाल्या, विडीचे कारखाने उभे राहिले आणि गांवाचें शहर झालें, असा हा क्रम आहे. यांतील एकही विधान खोटें नाहीं. तरीही हा इतिहास आम्हांस अपुरा, किंबहुना दिशाभूल करणारा वाटतो. तो कां, हें सांगण्याचा येथें हेतु आहे.

या दृष्टीचा नमुना इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत सांपडतो. १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरांत तिरोडा तहसिलींतील गोंदियाची वस्ती, १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणें, साडेचार हजारांच्या आंत दिली आहे. आणि महत्त्व सांगितलें आहे तें आसपासच्या मुलुखाचा माल जेथें येऊन पडतो असें स्थानक म्हणून. तें यथार्थच होतें. नागपूर–छत्तीसगढ लोहमार्ग १८८२ च्या सुमारास राजनांदगांवपर्यंत पोंचला. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीनें तो घेऊन रुंद केला. १९०३ ते १९०५ या काळांत सातपुडा चढून जबलपुरास जाणारा अरुंद मार्ग गोंदियाहून निघाला, आणि १९०८ सालीं नागभीडकडे जाणारा फांटा झाला. ज्या अंमलदारांस जमाबंदी व वाहतूक यांच्याशींच कर्तव्य होतें, त्यांनीं शहराकडे मालधक्क्यावरून पाहिलें, हें स्वाभाविक होय. परंतु त्यांच्यामागून शंभरांहून अधिक वर्षांनीं आपणही त्याच मालधक्क्यावर उभे राहून पाहावें, यांत दोष त्यांचा नसून आपला आहे.

डब्यांत भरला गेला तो तांदूळ आला कोठून, हा प्रश्न एकदां विचारला म्हणजे इतिहासाचा आरंभ स्थानकापासून हलतो. वैनगंगेच्या या खोऱ्यांत पाऊस पुष्कळ. पण तो येतो चार महिन्यांत, आणि मधेंच ओढ देतो. धानास तर ऐन रोवणीनंतर व पुन्हा लोंबी भरतांना पाणी हवेंच. ही अडचण पूर्व विदर्भांतील लोकांनीं उताराचें पाणी मातीच्या पाळीनें अडवून, बोड्या व तलाव बांधून दूर केली. असे तलाव भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांत हजारोंनीं आहेत. नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं बांधल्याचें परंपरेनें सांगितलें जातें. म्हणजे पहिली आगगाडी येण्यापूर्वीं दीडशे वर्षें तरी तिच्या मालाची तयारी येथें चालू होती. रुळांनीं शहर निर्माण केलें हें खरें. परंतु रुळांस येथें आणिलें तें धानानें व जंगलानें.

ही गोष्ट जुन्या ग्रंथकारांस ठाऊक नव्हती, असेंही नाहीं. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत कोहळी समाजाच्या तलाव बांधण्याच्या कौशल्याची दखल घेतलेली आहे. पण ती घेतली आहे जातींच्या वर्णनांत, विवाहविधी व कुलाचार यांच्या शेजारीं! ज्या विद्येवर एका प्रांताचें अन्न चाललें ती विद्या जातीच्या रीतिभातींत गणली गेली, आणि व्यापाराच्या प्रकरणांत मात्र स्थानक येऊन बसलें. ज्ञान होतें, पण तें भलत्या कप्प्यांत ठेविलें गेलें. इतिहास, संस्कृति व अर्थव्यवहार अशीं तीन वेगळीं प्रकरणें पाडण्याची आजची वहिवाट हीच चूक पुढें चालविते.

दुसरी चूक अभिमानांतून उद्भवते. आमगांवजवळील पदमपूर हेंच भवभूतीचें पद्मपूर होय, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. उत्तररामचरिताचा कर्ता आपल्या भूमींतला, याचा अभिमान कोणास वाटणार नाहीं? परंतु गौरवपर लेखनांत भवभूतीच्या आठव्या शतकावरून एकदम आगगाडीवर उडी पडते, आणि मधलीं हजार वर्षें जणूं रिकामीं जातात. वस्तुतः गोंड राजवटी, नागपूरकर भोसल्यांचा अंमल आणि हें सर्व जलाशयनिर्माण याच काळांत येतें. गोंदिया हें नांव गोंद म्हणजे डिंक यावरून पडलें, कीं गोंड लोकांवरून, याविषयीं दोन मतें आहेत. पण दोन्हींत बोलतें तें जंगलच. सालेकसा तालुक्यांतील कचारगडच्या गुहेंत माघी पौर्णिमेस दूरदूरच्या प्रांतांतून गोंड यात्रेकरू जमतात. त्यांच्या दृष्टीनें इतिहासाचें मूळ स्थान तेंच आहे.

या सर्व लेखनांत आम्हांस आदरणीय वाटतें तें मारुती चितमपल्ली यांचें ‘नवेगावबांधचे दिवस’ हें पुस्तक. वनाधिकारी म्हणून तेथें राहिलेल्या या लेखकानें जलाशयाकडे मालकाच्या किंवा पाहुण्याच्या नजरेनें न पाहतां शिष्याच्या वृत्तीनें पाहिलें. तथापि तें पुस्तक अरण्याचें व पाण्याचें आहे. तळ्याच्या पाळीपासून शहरांतील गिरणीपर्यंत जाणारी वाट त्यांत शोधणें अन्यायाचें होईल. ती वाट अजून कोणी लिहावयाची आहे.

त्या वाटेवर शहराच्या वैभवाचा दुसरा आधारही भेटतो. उन्हाळ्यांत जंगलांतून तेंदूची पानें खुडून आणावयाचीं, ती वाळवावयाचीं, आणि मग घरोघरीं बायकांनीं हजाराच्या हिशेबानें विड्या वळावयाच्या, असा हा धंदा आहे. गुजराथेंतून आलेल्या व्यापारी घराण्यांनीं त्यांत संपत्ति मिळविली. तिच्यांतून शिक्षणसंस्थाही निघाल्या. या घराण्यांचे उल्लेख शहराच्या इतिहासांत येतात, व ते यावेत. पण ज्यांच्या बोटांतून हें सर्व वळलें गेलें त्या स्त्रियांचें प्रकरण कोठें आहे? विडी कामगारांच्या नोकरीच्या शर्तींसाठीं स्वतंत्र कायदा होण्यास १९६६ साल उजाडावें लागलें. एवढी एक तारीख घातली तरी इतिहासाचा सूर बदलेल.

संस्कृतीचें तेंच. झाडीपट्टीचीं नाटकें, दंडार, गांवोगांवच्या मंडया हीं दिवाळीनंतर रंगूं लागतात, तीं कां? धान घरांत येतें, हातांत पैसा व अंगांत सवड असते, म्हणून. पाऊस चुकला, तळें फुटलें, कीं मंडईही फिकी पडते. भाषेचें पाहावें तर गोंदियाच्या बाजारांत मराठी, हिंदी, पोवारी व छत्तीसगढी एकाच तासांत कानीं पडतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत विदर्भ मुंबई राज्यांत आला व बालाघाट मध्यप्रदेशांत राहिला. २००० सालीं पूर्वेस छत्तीसगढ राज्य झालें. सीमा हालल्या, बाजार हालला नाहीं. १९९९ सालीं जिल्ह्याचें ठिकाण झालेलें हें शहर आजही तीन राज्यांचें गिऱ्हाईक सांभाळतें.

वाचक म्हणतील, प्रकरणांचा क्रम बदलल्यानें काय होणार? आमचें उत्तर असें. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली; ती जाणें न्याय्यच होतें, कारण त्या व्यवस्थेंत पाणी सर्वांचें असलें तरी सत्ता थोड्यांची होती. परंतु तलाव सरकारजमा होतांना पाळ राखण्याची, गाळ काढण्याची, पाणी वांटण्याची जी गांवकी होती ती मोडली, आणि तिची जागा नीट कोणीच घेतली नाहीं. आज त्यांस माजी मालगुजारी तलाव, संक्षेपानें ‘मामा तलाव’ म्हणतात. कित्येक गाळानें उथळ झाले आहेत. महाराष्ट्रांतील अखेरचे मोजके सारस पक्षी याच जिल्ह्याच्या धानाच्या बांध्यांतून व तळ्यांतून वावरतात. ज्या इतिहासांत तलावच नाहीं, तो वाचून वाढलेल्या पिढीस तलाव बुजला तर आपलें कांहीं गेलें असें वाटणार कसें?

म्हणून आमचें मागणें एवढेंच आहे, कीं गोंदियाचा पुढील इतिहासकार स्थानकावर उतरो, पण तेथें थांबूं नये. त्यानें एखाद्या तळ्याच्या पाळीवर जावें, गाळ पूर्वीं कोण काढीत असे हें तेथील वृद्धांस विचारावें, आणि त्यांचें उत्तर आपल्या पहिल्या पानावर लिहावें. असा ग्रंथ निघेल त्या दिवशीं त्याचें स्वागत करावयास आम्ही सिद्ध आहों.