‘तटस्थ’ या शब्दाचा हिशेब : मिडलबरी महाविद्यालयाच्या कार्बन-तटस्थतेची चिकित्सा

प्रास्ताविक

नॅकच्या २०१७ च्या सुधारित मूल्यांकन-चौकटीत सातव्या निकषाखाली पर्यायी ऊर्जा, जलसंधारण, कचरा व्यवस्थापन आणि हरित लेखापरीक्षण यांची माहिती मागितली गेली. तेव्हापासून ही माहिती जमवण्याचे काम अनेक महाविद्यालयांत विज्ञानाच्याच नव्हे, तर भाषेच्या प्राध्यापकांकडेही येऊ लागले. तक्ते भरले जातात, दिव्यांची मोजदाद होते, वृक्षारोपणाची छायाचित्रे जोडली जातात. आता त्याच कागदांत ‘कार्बन-तटस्थ परिसर’ हा शब्दप्रयोगही दिसू लागला आहे. हा शब्द वापरण्यापूर्वी त्याचा अर्थ तपासणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखात त्यासाठी अमेरिकेच्या व्हरमॉन्ट राज्यातील मिडलबरी महाविद्यालयाचे उदाहरण घेतले आहे. निवडीची कारणे तीन. तटस्थतेची मागणी तेथे विद्यार्थ्यांकडून आली. ती मागणी प्रत्यक्ष प्रयोगांतून पुढे नेली गेली. आणि डिसेंबर २०१६ मध्ये उद्दिष्ट साध्य झाल्याची घोषणा होऊन आता पुरेसा काळ लोटल्यामुळे तिचे मूल्यमापन शक्य आहे. या प्रयत्नाचा आदर राखूनही एक आक्षेप नोंदवावा लागतो. उपाय निवडताना सर्वांना सहभागी करून घेतले, पण हिशेबात काय धरायचे हे ठरवताना तो सहभाग तुटला, तर तटस्थता प्रामुख्याने कागदावर येते.

शब्दाचा विचार

‘तटस्थ’ म्हणजे तटावर उभा असलेला, प्रवाहात न उतरलेला. मराठीत हा शब्द पंचाला शोभतो, भांडणात न पडणाऱ्या शेजाऱ्याला शोभतो. उर्दूतील ‘गैरजानिबदार’ या शब्दाची घडणही अशीच आहे; ‘जानिब’ म्हणजे बाजू, आणि कोणत्याही बाजूचा नसलेला तो गैरजानिबदार. कार्बनच्या बाबतीत मात्र कोणतेही महाविद्यालय तटावर उभे नसते. वीज, स्वयंपाकाचा गॅस, वाहने, कागद, इमारती या सर्वांतून ते प्रवाहात उतरलेलेच असते. ‘कार्बन-तटस्थ’ या पारिभाषिक शब्दाचा खरा आशय जमाखर्चाचा आहे: जितका कार्बन बाहेर टाकला तितका कमी केला किंवा अन्यत्र शोषला, म्हणून बाकी शून्य. अशा वेळी वहीत कोणती खाती उघडली आणि कोणती उघडलीच नाहीत, यावर शून्याचा खरेपणा अवलंबून असतो.

मागणीपासून ठरावापर्यंत

मिडलबरी हे १८०० साली स्थापन झालेले, सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांचे निवासी महाविद्यालय आहे. प्रदेश कडाक्याच्या थंडीचा, त्यामुळे इमारती उबदार ठेवण्यासाठी लागणारे इंधन हा तेथील उत्सर्जनाचा मोठा भाग. एकेकाळी तेथे वर्षाला सुमारे वीस लाख गॅलन, म्हणजे पंचाहत्तर लाख लिटर, इंधन तेल जाळले जाई.

या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील विद्यार्थ्यांचा एक गट दर रविवारी रात्री एकत्र येऊन हवामानबदलावर चर्चा करू लागला. विद्यार्थ्यांनी निव्वळ घोषणा दिल्या नाहीत. उत्सर्जनाची मोजणी, खर्चाचे अंदाज आणि पर्यायांची तुलना करून त्यांनी विश्वस्तांपुढे प्रस्ताव ठेवला. मे २००७ मध्ये विश्वस्त मंडळाने २०१६ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचा ठराव केला. त्याच परिसरातील विद्यार्थी आणि लेखक बिल मॅककिबेन यांच्या सहकार्यातून २००८ मध्ये ‘३५० डॉट ऑर्ग’ ही जागतिक चळवळ उभी राहिली. सहभागाच्या नियोजनाचे हे उजवे अंग आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ज्यांना प्रशासनात मत नसते, त्यांनी आकडेमोड करून प्रशासनाला बांधून घेतले.

प्रयोग आणि त्यांचे धडे

ठरावानंतरचे मुख्य काम म्हणजे लाकडाच्या ढलप्यांवर चालणारे सयंत्र. ढलप्यांपासून आधी वायू तयार करून तो जाळणारे हे सयंत्र २००९ च्या आरंभी सुरू झाले. त्यावर सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर खर्च झाला. वर्षाला सुमारे वीस हजार टन ढलप्या वापरून इंधन तेलाचा वापर निम्म्यावर आणण्याचे हे नियोजन होते, आणि ढलप्या सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या आतून घेण्याचे धोरण होते. दूरवरून आणलेल्या तेलाऐवजी जवळच्या जंगलावर अवलंबून राहणे हा बदल अर्थकारणाच्या दृष्टीनेही मोलाचा होता.

दुसरा प्रयोग शेतातला. २००७ मध्ये सुमारे दहा एकरांवर झपाट्याने वाढणारी विलो जातीची झुडपे लावण्यात आली. महाविद्यालयाला स्वतःचे इंधन पिकवता येईल काय, हे पाहायचे होते. विलो हे पुढे मुख्य इंधन झाले नाही. सयंत्र जंगलातून येणाऱ्या ढलप्यांवरच चालत राहिले. म्हणून हा प्रयोग फुकट गेला असे म्हणता येत नाही. थोड्या जागेत, थोड्या खर्चात एखाद्या कल्पनेची मर्यादा कळणे हेच प्रयोगाचे फळ. फार तर इतके म्हणता येईल की अशा प्रयोगाचा निकाल यशाइतक्याच ठळकपणे सांगितला गेला पाहिजे.

तिसरा प्रयोग गोठ्यातल्या शेणापासून आणि अन्नाच्या टाकाऊ भागापासून मिथेन मिळवण्याचा, म्हणजे आपल्याला परिचित असलेल्या गोबर गॅसचेच मोठे रूप. यात विलंब झाला. जवळच्या सॅलिसबरी गावातील गोठ्यावरचा असा प्रकल्प २०२१ मध्ये सुरू झाला. २०१६ चे उद्दिष्ट मात्र त्याच्यासाठी थांबणार नव्हते.

हिशेबाची दोन कलमे

येथे चिकित्सेचा मुख्य मुद्दा येतो. २०१६ मध्ये बाकी शून्य दाखवताना दोन कलमे निर्णायक ठरली.

पहिले कलम लाकडाचे. झाड वाढताना शोषलेला कार्बनच जळताना बाहेर पडतो, म्हणून लाकूड तटस्थ, असे गृहीतक धरले जाते. पण लाकूड काही तासांत जळते आणि झाड वाढायला दशके लागतात. मधल्या काळातील कार्बन हे वातावरणावरचे कर्जच असते. २०१० मध्ये शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यासाठी मॅनोमेट संस्थेने केलेल्या अभ्यासाने हा मुद्दा पुढे आणला. उष्णतेसाठी तेलाऐवजी लाकूड वापरल्यास हे कर्ज काही वर्षांत फिटते. कोळशाच्या विजेऐवजी लाकडाची वीज केल्यास दोन दशकांहून अधिक काळ लागतो. जंगल कसे राखले जाते यावर हे आकडे बदलतात. त्यामुळे मिडलबरीच्या निवडीला अनुकूल असे बरेच काही आहे, कारण तेथे उष्णतेसाठी तेलाची जागा लाकडाने घेतली. तरीही ‘लवकर फिटणारे कर्ज’ आणि ‘कर्जच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेबात पहिली लिहायला हवी होती. लिहिली गेली दुसरी.

दुसरे कलम जंगलाचे. ब्रेड लोफ परिसरातील सुमारे २१०० एकर जमीन महाविद्यालयाने कायमस्वरूपी संरक्षित केली आणि तेथील झाडे शोषत असलेला कार्बन जमेच्या बाजूला धरला. ही जमीन जोसेफ बॅटेल यांच्या १९१५ च्या मृत्युपत्रातून महाविद्यालयाला मिळालेल्या विस्तीर्ण वनक्षेत्रापैकी. म्हणजे सुमारे शंभर वर्षे ती महाविद्यालयाकडेच होती. संरक्षणाचा करार झाल्यामुळे भविष्यातील तोड थांबली हे खरे. पण ठरावामुळे हवेतून अधिक काही शोषले गेले काय? आधीपासून उभे असलेले झाड आजच्या जमेत धरणे म्हणजे वडिलोपार्जित दागिना यंदाच्या कमाईत दाखवणे होय. घराची मालमत्ता त्याने खोटी ठरत नाही. यंदाची कमाई मात्र फुगते.

सहभाग कुठवर?

या दोन कलमांबरोबर तिसरे, न उघडलेले खातेही पाहिले पाहिजे. महाविद्यालयाच्या निधीची गुंतवणूक कोळसा-तेलाच्या कंपन्यांतही होती. ती काढून घेण्याची विद्यार्थ्यांची मागणी विश्वस्तांनी २०१३ मध्ये नाकारली. त्याच सुमारास परिसरातून जाणाऱ्या नैसर्गिक वायूच्या वाहिनीला महाविद्यालयाने पाठिंबा दिला, तेव्हाही विद्यार्थ्यांनी आणि काही प्राध्यापकांनी विरोध नोंदवला. पाठिंबा कायम राहिला. तटस्थतेची कल्पना ज्यांनी मांडली, त्यांचा शब्द उपायांच्या निवडीत चालला. वहीची सीमा कुठे आखायची, या प्रश्नावर तो चालला नाही.

सहभाग म्हणजे केवळ विद्यार्थ्यांचा सहभाग, असेही समजू नये. ढलप्या ओल्या आल्या तर भट्टी कशी वागते हे पाळीवर उभ्या असलेल्या कामगाराला ठाऊक असते. भोजनगृहात किती अन्न उरते ते वाढप्याला ठाऊक असते. ज्याच्या शेतातून वाहिनी जाते त्याचे म्हणणे तर कोणत्याच तक्त्यात बसत नाही. या लोकांशिवाय झालेले नियोजन तज्ज्ञांचे असेल, सहभागाचे नव्हे.

येथे मिडलबरीच्या श्रेयाची आणखी एक बाजू नोंदवणे न्यायाचे ठरेल. घोषणेनंतर काम थांबले नाही. जानेवारी २०१९ मध्ये विश्वस्तांनी नवी योजना मंजूर केली: २०२८ पर्यंत सर्व ऊर्जा नवीकरणीय स्रोतांतून, ऊर्जेच्या वापरात २५ टक्के कपात, आणि खनिज इंधनातील गुंतवणूक पंधरा वर्षांत मागे घेणे. २०१६ चे शून्य पुरेसे असते, तर वापर कमी करण्याचे आणि गुंतवणूक काढण्याचे कारण उरले नसते. या योजनेने जुन्या हिशेबावरील टीकेला अप्रत्यक्ष मान्यताच दिली, आणि ती मान्यता विद्यार्थ्यांच्या सातत्यामुळे मिळाली.

समारोप

मिडलबरीजवळ जंगल आहे, मोठा निधी आहे. आपल्या अनेक महाविद्यालयांकडे दोन्ही नाही. म्हणून तेथील सयंत्राचे अनुकरण करण्यात अर्थ नाही. घेण्यासारखे आहे ते दुसरेच.

पहिली गोष्ट, मोजणीची सुरुवात विद्यार्थ्यांच्या हातून व्हावी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकड्यांनुसार आपल्याकडील विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. महिन्याला पाच हजार युनिट वापरणाऱ्या महाविद्यालयाचा वर्षाचा आकडा सुमारे ४२ टन होतो. ही आकडेमोड कला शाखेच्या वर्गातही करता येते; वर्षभराची बारा बिले तेवढी हवीत.

दुसरी गोष्ट, प्रयोग लहान असावा आणि त्याचा निकाल, विशेषतः फसलेला निकाल, लिहून ठेवावा. एका इमारतीतील पंखे बदलून तीन महिने मीटर वाचणे हा पुरेसा प्रयोग आहे.

तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट, हरित अहवालात दोन रकाने असावेत: ‘काय मोजले’ आणि ‘काय मोजले नाही’. विद्यार्थ्यांचा रोजचा बसप्रवास, उपाहारगृहाचे सिलिंडर, जनरेटरचे डिझेल, नव्या इमारतीचे सिमेंट यांपैकी जे सुटले ते दुसऱ्या रकान्यात यावे, आणि ते का सुटले हे कोणत्या बैठकीत, कोणाच्या उपस्थितीत ठरले, तेही लिहावे. असा अहवाल बाकी शून्य दाखवू शकणार नाही. पण तो वाचणारा विद्यार्थी आपण प्रवाहात कुठे उभे आहोत हे सांगू शकेल, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या रकान्यातील एखादी ओळ पहिल्या रकान्यात आणण्याची मागणी करू शकेल. ‘तटस्थ’ हा शब्द तोवर आपल्या अहवालांबाहेर ठेवणे बरे.