लाल बावट्याचा गण

अण्णा भाऊ साठे यांच्यावरील आपल्याकडचे लेखन बहुधा 'फकिरा'पासून सुरू होते आणि तेथेच थांबते. अमर शेखांचे स्मरण होते ते त्यांच्या पहाडी आवाजापुरते, द. ना. गव्हाणकरांचे तर तेवढेही होत नाही. वस्तुतः १९४४ साली या तिघांनी उभे केलेले लाल बावटा कलापथक ही सामुदायिक निर्मिती होती. तिचे श्रेय एकेकट्याच्या खात्यावर टाकले की समीक्षेचा हिशेब चुकतो.

वाटेगावच्या अण्णा भाऊंचे तमाशाचे शिक्षण नात्यातील बापू साठे यांच्या फडात झाले. बार्शीचे अमर शेख, मूळचे मेहबूब पटेल, कामगार चळवळीतून आलेले. एकाची लेखणी, दुसऱ्याचा कंठ, असे म्हणणे सोपे आहे. पण शेख कवीही होते आणि अण्णा भाऊ स्वतः डफावर थाप मारून उभे राहत. ज्या गावाने ताप्ती मिलचा भोंगा ऐकला, त्याला गिरणगावातल्या त्या श्रोत्यांची ओळख करून देण्याची गरज नाही.

खरा प्रश्न रचनेचा आहे. गण, गौळण, बतावणी, वग हा तमाशाचा रूढ क्रम. अण्णा भाऊंनी गण ठेवला, मात्र त्यातले वंदन गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना केले. हा बदल मला सहज वाटतो, कारण गणाचा प्राण नमनात आहे. वंद्य कोण, हे काळ ठरवतो. गौळण मात्र त्यांनी वगळली. तिच्यातील सवंगपणा गेला म्हणून समीक्षकांनी या निर्णयाची वाहवा केली. ती मला अर्धीच पटते. गौळणीबरोबर मावशीचा तिरकस विनोद गेला आणि बाईचा आवाजही क्षीण झाला. पुढे तमाशावर सरकारी निर्बंध आले, 'लोकनाट्य' हे नाव रूढ झाले आणि ही उणीव त्या नावाखाली झाकली गेली.

परंतु दारातून घालवलेली ती स्त्री खिडकीतून परत आली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड पाहा. पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याचा विरह तिथे तुटलेल्या मुलखाचा विरह होतो. लावणीच्या अंगाने राजकारण सांगण्याची ही युक्ती पहिल्या वर्षांतील फडावरच कमावलेली होती.

त्या छक्कडीत बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची नावे येतात. १९५६ च्या पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिलेले आपले बुऱ्हाणपूर तिच्यात नाही. माझे आजोबा ती म्हणत तेव्हा त्या ओळीपाशी थांबून आपल्या गावाचे नाव जोडू पाहत. ते चालीत बसत नसे. मग ते हसून पुढचे कडवे धरीत.