ड्रॅक्युला : पाहिलेलं गाव आणि वाचलेलं गाव

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) आपण भयकथा म्हणून ओळखतो. पण संशोधनाकडे वळणाऱ्यांनी ती आणखी एका कारणासाठी वाचावी. स्टोकरने ही कादंबरी लिहिण्यासाठी काढलेली टिपणं आज फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात जपलेली आहेत. त्यामुळे कुठली माहिती कुठून आली, हे बऱ्याच अंशी तपासता येतं.

कादंबरीतली दोन ठिकाणं शेजारी ठेवून बघा. एक म्हणजे इंग्लंडमधलं व्हिटबी. स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात तिथे राहिला होता. १८८५ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर 'दिमित्री' हे रशियन जहाज वादळात सापडून फुटलं होतं. त्याची माहिती स्टोकरने टिपून घेतली आणि कादंबरीत त्याचं 'डिमीटर' झालं. दुसरं ठिकाण ट्रान्सिल्वेनिया. तिथे तो कधीच गेला नाही. विल्यम विल्किन्सनचं १८२० चं पुस्तक, एमिली जेरार्डचा तिथल्या अंधश्रद्धांवरचा लेख, अशा वाचनावर त्याने तो प्रदेश उभा केला.

मग न पाहिलेला भाग कच्चा असणार, असं वाटेल. पण तसं नाहीये. माझ्या मते ट्रान्सिल्वेनियातली पहिली चार प्रकरणंच सगळ्यात घट्ट आहेत. रेल्वेच्या वेळा, जेवणातले पदार्थ, रस्ते, असे बारीक तपशील एवढे नेमके येतात की किल्ल्यातल्या अशक्य गोष्टीही आपण मानून घेतो. म्हणजे फक्त वाचून चांगलं लिहिता येतं.

उणीव दुसरीकडे आहे, माणसांमध्ये. व्हिटबीतला म्हातारा स्वेल्स आपल्या बोलीत गावच्या दंतकथांची टर उडवतो, थडग्यांवरचा मजकूर खोटा आहे म्हणतो. ट्रान्सिल्वेनियातले गावकरी मात्र घाबरतात, क्रूस हातात देतात, बस्स. त्यांच्यात एकही स्वेल्स नाही. कारण उघड आहे. विल्किन्सन ब्रिटिश वाणिज्यदूत, जेरार्ड तिथे राहायला आलेली परदेशी लेखिका. दोघांचीही नजर बाहेरची, आणि माहितीबरोबर ती नजरही कादंबरीत आली.

लिटरेचर रिव्ह्यू करताना हेच होतं. आपण आकडे आणि निष्कर्ष घेतो, पण ज्याने मोजलं त्याने काय मोजलंच नाही, हे विचारत नाही. त्याने सोडलेली जागा आपल्या प्रबंधातही रिकामीच राहते.

आणि एक. ड्रॅक्युला म्हणजे लोकांना सुळावर चढवणारा व्लाड, असं सर्रास सांगतात. विल्किन्सनच्या पुस्तकात ड्रॅक्युला हे नाव आहे, त्याचा अर्थ सैतान असा दिलेला आहे. पण सुळाची गोष्ट ना तिथे आहे, ना स्टोकरच्या टिपणांत. नाव घेतलं म्हणजे चरित्रही घेतलं, असं होत नाही. कुठलाही संदर्भ देण्याआधी मूळ कागद उघडून बघा.