ओळखीची टाळी, अनोळखी शांतता

नील यंगचा 'लाइव्ह ॲट मॅसी हॉल 1971' हा अल्बम ऐकताना माझं लक्ष गायकाइतकंच श्रोत्यांकडे जातं. 19 जानेवारी 1971 रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये 25 वर्षांचा यंग एकट्याने गायला. बँड नाही, कधी गिटार, कधी पियानो. टोरांटो हे त्याचं जन्मगाव. हे ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून बाहेर आलं ते थेट 2007मध्ये. त्यामुळे या एका अल्बमला दोन श्रोतृवर्ग लाभले: त्या दिवशी सभागृहात बसलेले लोक आणि 36 वर्षांनंतरचे आपण. दोघांच्या प्रतिसादात जो फरक आहे, त्यात मला अनुवादाचा एक जुना प्रश्न दिसतो.

आधी सभागृहातले लोक. 'हेल्पलेस'मध्ये उत्तर ऑन्टॅरिओतल्या गावाचा उल्लेख येतो आणि तिथेच टाळ्या पडतात. 'जर्नी थ्रू द पास्ट'मध्ये कॅनडाचं नाव येतं, तिथेही तेच. आपल्या बैठकीत समेवर दाद जाते, कारण सम कुठे येणार हे जाणकाराला ठाऊक असतं. इथे गावाचं नाव हीच सम. ही ओळखीची टाळी.

पण त्या कार्यक्रमातली कितीतरी गाणी नवी होती. 'अ मॅन नीड्स अ मेड' पियानोवर गाता गाता यंग 'हार्ट ऑफ गोल्ड'मध्ये शिरतो. पुढच्या वर्षी हेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाणार होतं. आज त्याचे पहिले सूर कानी पडताच कुठलंही सभागृह उसळेल. मॅसी हॉलमध्ये मात्र कुणी हलत नाही. त्यांच्या लेखी ते आणखी एक अनोळखी गाणं आहे.

आता आपण. 2007नंतरच्या श्रोत्यांकडून वारंवार ऐकू येणारं मत असं की, 1972च्या 'हार्वेस्ट'पेक्षा हे अस्सल आहे. तिथे सजावट आहे, इथे नुसतं गाणं. या मताला मोठा आधारही आहे. निर्माता डेव्हिड ब्रिग्ज याचा आग्रह होता की 'हार्वेस्ट'च्या आधी हाच अल्बम यावा. यंगने ऐकलं नाही. ब्रिग्ज 1995मध्ये गेला, आणि अल्बम निघाला तेव्हा यंगने कबूल केलं की त्याचं म्हणणं आता कळतं.

तरी 'अस्सल' हा शब्द मला खटकतो. 'अ मॅन नीड्स अ मेड' हेच गाणं घ्या. 'हार्वेस्ट'वर त्याच्यामागे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे. त्या भरघोस वाद्यवृंदात पुरुषाची गरज हक्कासारखी ऐकू येते, आणि अनेक स्त्रियांना हे गाणं टोचलं यात नवल नाही. त्या आवृत्तीतल्या 'मेड'ला मी मराठीत 'मोलकरीण'च म्हणेन. पियानोवर मात्र तोच माणूस घाबरलेला, माणसांत वावरायला बिचकणारा वाटतो, आणि मला दुसरा शब्द सुचतो: 'बाई'. बाई म्हणजे स्त्री. आणि 'आज बाई आली नाही' असं आपण म्हणतो तेव्हा ती कामवाली. गाण्यातली सगळी अडचण या दोन अर्थांच्या मधोमध आहे. शब्द तेच, साथ बदलली आणि अनुवाद बदलला.

म्हणून एक आवृत्ती खरी आणि दुसरी खोटी ठरते का? पियानोचं उघडेपण आपल्याला जाणवतं, कारण वाद्यवृंद आपल्या कानात आधीच बसलेला आहे. टोरांटोच्या श्रोत्यांना तिथे काहीच कमी वाटलं नसणार. शिवाय 'हार्वेस्ट'वरचं 'द नीडल अँड द डॅमेज डन' हेही प्रत्यक्ष मैफलीतलंच ध्वनिमुद्रण आहे; मॅसी हॉलनंतर अवघ्या 11 दिवसांनी, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात झालेलं. म्हणजे यंगने एकाच अल्बममध्ये एक गाणं उघडं ठेवलं आणि दुसऱ्याला भरजरी शालू नेसवला. 'आधी शुद्ध, मग सजवलेलं' ही गोष्ट आपण मागाहून रचली.

अनुवादाबद्दलही आपण अशीच गोष्ट रचतो. मूळ ज्याच्या कानात आहे, त्याला अनुवादात काय गेलं तेवढंच ऐकू येतं. ज्याने मूळ वाचलेलं नाही, त्याच्यासमोर पूर्ण कविता असते. बहुभाषी काव्यवाचनात 'पंढरपूर' म्हटलं की श्रोत्यांतली मराठी मंडळी खुलतात. बाकीचे गप्प राहतात, आणि कविता पोचली नाही असं आपण समजतो. कदाचित नसेलही पोचली. ध्वनिमुद्रणातली शांतता कोण रंगला आणि कोण कंटाळला हे सांगत नाही. पण ओळखीची टाळी तरी काय सांगते? गाव ओळखीचं आहे, एवढंच. 'हार्ट ऑफ गोल्ड'च्या वेळी गप्प बसलेल्यांना गाणं शेवटपर्यंत ऐकण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

यंग ज्यांनी मुळीच ऐकलेला नाही, त्यांनी 'हार्वेस्ट' बाजूला ठेवून मॅसी हॉलपासून सुरुवात करावी. त्या श्रोत्यांच्या शेजारची खुर्ची अजून त्यांच्यासाठी रिकामी आहे. मला आता तिथे बसता येत नाही.