दुपारची स्वस्त वीज : एका पत्रकाची तपासणी

माझ्या वहिनी नववी-दहावीला विज्ञान शिकवतात. मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा त्यांनी एक छापील पत्रक माझ्यापुढे ठेवले. त्यांच्या वसाहतीच्या सूचनाफलकावर ते लागले होते. ‘‘भाऊजी, ऊर्जेच्या पाठाला जोडून हे मुलांना सांगावं म्हणते. पण यात काहीतरी खटकतंय, आणि नेमकं काय ते सापडत नाही,’’ त्या म्हणाल्या.

पत्रकातला मजकूर थोडक्यात असा होता : सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वीज स्वस्त मिळते. म्हणून कपडे धुणे, इस्त्री, दळण, पाणी तापवणे ही कामे याच वेळेत करावीत. त्यामुळे विजेची बचत होते आणि प्रत्येक घराचे बिल बरेच कमी होते.

तीन वाक्ये, तीन विधाने. पहिले बरोबर आहे. दुसरे चूक आहे. तिसरे काही घरांच्या बाबतीत थोडेसे खरे आहे. ही तीन विधाने वेगळी करून तपासणे हाच मुलांसाठी एक चांगला पाठ होईल. म्हणून ती तपासणी इथे सविस्तर मांडतो.

वीज दुपारी स्वस्त का झाली?

जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती केली. दिवसातले आठ तास ‘सौर तास’ म्हणून राज्यांच्या आयोगांनी ठरवावेत आणि त्या वेळेतला दर नेहमीपेक्षा निदान २० टक्के कमी असावा, असे त्यात म्हटले होते. शेतीपंप यातून वगळले होते. पुढे महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत लागू झाली. सुरुवातीला ती युनिटला ८० पैसे होती. अर्थात ज्यांच्याकडे वेळेची नोंद ठेवणारे मीटर बसले आहे त्यांनाच. चकती फिरणारे जुने मीटर फक्त एकूण किती वीज गेली एवढेच सांगते, केव्हा गेली ते सांगत नाही.

गंमत अशी की, याच महाराष्ट्रात मोठ्या उद्योगांसाठी वेळेनुसार दर फार आधीपासून होते, आणि त्यांचे वेळापत्रक जवळजवळ उलटे होते. रात्री १० ते सकाळी ६ सवलत. सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ६ ते १० जादा आकार. म्हणजे सकाळी दहाची जी वीज महाग धरली जात होती, ती आता स्वस्त झाली. दहा वाजले की गिरण्या, कचेऱ्या, दुकाने सुरू होतात हे काही बदललेले नाही. बदलले ते वीज तयार करण्याचे साधन.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे अवघड आणि खर्चिक असते. म्हणून ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढी निर्मिती असा मेळ सतत घालावा लागतो. कोळशावरचे वीजकेंद्र चुलीसारखे नसते. मनात आले तेव्हा पेटवले, मनात आले तेव्हा विझवले, असे तिथे चालत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी अशा संचांना क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत खाली उतरता आले पाहिजे असे ठरवले. त्याहून खाली उतरणे यंत्रांना जड जाते. पूर्वी रात्री मागणी घटे, पण हे संच चालू ठेवावे लागत. म्हणून रात्रीची वीज स्वस्त होती. जानेवारी २०२५ मध्ये देशातल्या सौरवीजेची स्थापित क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. आता भर दुपारी सूर्याची वीज भरपूर येते आणि संध्याकाळी, नेमके घरोघरी दिवे-पंखे लागतात तेव्हा, ती नाहीशी होते. त्यामुळे वीज उरण्याची वेळ रात्रीवरून दुपारवर सरकली. पत्रकातल्या पहिल्या वाक्यामागे एवढे सगळे आहे.

वेळ बदलली म्हणजे बचत झाली का?

दुसऱ्या विधानात शक्ती, ऊर्जा आणि पैसा यांची सरमिसळ झाली आहे. १००० वॉटची इस्त्री सलग अर्धा तास तापत राहिली तर अर्धे युनिट वीज घेते. सकाळी सातला केली तरी अर्धे, दुपारी दोनला केली तरी अर्धेच. वेळ बदलल्याने युनिट कमी होत नाहीत. फक्त त्यांची किंमत बदलते.

काही वेळा तर युनिट वाढतात. पाणी तापवण्याचे उदाहरण घेऊ. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापवायला लागणारी उष्णता म्हणजे १५ × ४.२ × ३०, साधारण १८९० किलोज्यूल. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. तेव्हा हे काम अर्ध्या युनिटाहून थोडे जास्त झाले. आता पत्रकाचे ऐकून हे पाणी दुपारी तीनला तापवले आणि अंघोळ सकाळी सहाला केली, तर मधले पंधरा तास ती टाकी उष्णता बाहेर टाकत राहणार. तापमानातला फरक जेवढा जास्त, तेवढी गळती जास्त. सकाळी पाणी कोमट निघाले की बटण पुन्हा दाबले जाणार. युनिटला ८० पैसे सवलत धरली तर त्या अर्ध्या युनिटामागे सुमारे ४० पैसे वाचले. सकाळी अगदी दशांश युनिट जास्त खर्च झाले तरी त्यातले बहुतेक, किंवा सगळेच, परत गेले. दुपारची उष्णता सकाळपर्यंत राखायची असेल तर टाकीला जाड उष्णतारोधक आवरण हवे. गच्चीवरच्या सौर बंबाला ते असते. म्हणून तिथे दुपारचे ऊन सकाळच्या अंघोळीला पुरते, आणि तेही मीटर न फिरवता.

कोणते काम पुढे-मागे सरकवता येते, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे : त्या कामाचे फळ साठवता येते का? दुपारी धुतलेला कपडा संध्याकाळीही धुतलेलाच असतो. दळलेले पीठ दळलेलेच राहते. वरच्या टाकीत चढवलेले पाणी हवे तेव्हा उतरते. पण दुपारचा उजेड संध्याकाळी अभ्यासाला कामी येत नाही, आणि दुपारचा वारा रात्रीच्या झोपेला पुरत नाही. आपल्या घरात रात्री जी वीज खर्च होते ती बहुतांशी या दुसऱ्या प्रकारातली असते. तिला पत्रकाचा उपदेश लागूच होत नाही.

प्रत्येक घराला फायदा?

आता तिसरे विधान. सरकवता येण्याजोगी कामे मोजू. थंड पाण्यात कपडे धुणाऱ्या यंत्राला एका धुण्याला पाव युनिटाच्या आसपास वीज लागते. इस्त्रीला फार तर अर्धे युनिट. ५०० वॉटचा मिक्सर रोज बारा मिनिटे चालला तर एक दशांश युनिट. इतर बारीकसारीक धरून रोजचे एक युनिट म्हणू. महिन्याला ३० युनिट, आणि ८० पैशांनी वाचले २४ रुपये. एवढ्यासाठी घरातल्या कोणीतरी महिनाभर रोजची कामे घड्याळाकडे बघून करायची.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, हे पत्रक विचारत नाही. नऊ ते पाच घरी कोण असते? नोकरी करणाऱ्या बाईची धुणी-भांडी सकाळी साडेपाचला आणि रात्री नवाला होतात. ती काही हौस म्हणून नव्हे. तिला हे पत्रक वाचून आपण वीज उधळतो असे वाटणार असेल तर तो तिच्यावर अन्याय आहे. उलट निवृत्त जोडपे दिवसभर घरी असते. त्यांचा पंखा, दूरदर्शन संच दुपारी चालूच असतो. त्यांना काहीही न सरकवता सवलत मिळते. महिन्याला २४० युनिट वापरणाऱ्या घराचा एक तृतीयांश वापर आपसूकच त्या आठ तासांत होत असेल, तर ८० युनिटांवर ६४ रुपये सवलत बिलावर दिसेल. बिलावर दिसणारी सवलत ही सवय बदलल्याचे बक्षीस असेलच असे नाही. बऱ्याचदा ती आपण त्या वेळी घरी असल्याची नोंद असते.

याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवून पाहावा. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो. नवा, ब्रशविरहित मोटारीचा पंखा ३० वॉटच्या आसपास. असे तीन पंखे रोज दहा तास चालले तर फरक ४५ × ३ × १० = १३५० वॉट-तास, म्हणजे रोज १.३५ युनिट, महिन्याला जवळजवळ ४०. हे ४० युनिट मुळात खर्चच झाले नाहीत. म्हणून त्यांच्यावर युनिटामागे ८० पैसे नव्हे, तर पूर्ण दर वाचतो. घरगुती दर टप्प्यांचा असतो : पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० बरीच महाग, आणि पुढे आणखी महाग. वाचवलेले युनिट नेहमी आपल्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून वजा होते. हिशेबापुरता ८ रुपये दर धरला तरी महिन्याला ३२० रुपये झाले. नवा पंखा घ्यायला आधी पैसे घालावे लागतात ही अडचण खरी आहे. पण २४ आणि ३२० यांतला फरक मुलांच्या डोळ्यांपुढे यायला हवा.

मग पत्रक फाडून टाकावे का?

नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. पत्रकाने पैशाचा फायदा फुगवून सांगितला आणि खरा फायदा सांगितलाच नाही. संध्याकाळी आठचे एक युनिट दुपारी एकला सरकले तर घराचे ८० पैसे वाचतात. पण संध्याकाळच्या गर्दीतला तेवढा भार हलका होतो, आणि दुपारी वाया जाऊ शकणारे ऊन कामी येते. हा फायदा एका घराच्या बिलात मावत नाही. तो सगळ्यांचा मिळून असतो.

संध्याकाळच्या गर्दीची किंमत किती असते याची साक्ष आपल्या सह्याद्रीतच आहे. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. तिथे एक तलाव वर आणि एक खाली आहे. वीज उरते तेव्हा पंपाने पाणी वर चढवायचे आणि मागणी शिगेला पोचली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. वसाहतीच्या टाकीचे हे थोरले भावंड. अशा प्रकल्पात चढवायला लागलेल्या विजेपैकी साधारण तीन चतुर्थांशच परत मिळते. तरीही तो बांधणे परवडते, कारण संध्याकाळची वीज तेवढी मोलाची असते. घाटघर आखले गेले तेव्हा वीज उरण्याची वेळ रात्रीची होती, हेही मुलांना सांगावे.

सर्वांत मोठे सरकवणे मात्र घरात नाही, शेतात आहे. महाराष्ट्रात शेतीपंपांना वर्षानुवर्षे पाळीपाळीने वीज मिळत आली : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला अंधारात बांधावर जायचे, पायाखाली साप-विंचवाची भीती. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये नव्या रूपात आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश या पंपांना दिवसा सौरवीज देणे हा आहे. पिकाला दुपारी दिलेले पाणी मातीत साठून राहते. आपली कसोटी इथेही लागू पडते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली तर त्याची रात्र त्याला परत मिळते. घरातल्या २४ रुपयांपेक्षा हा लाभ किती मोठा आहे!

पत्रक असे लिहिता आले असते : ‘ज्यांना जमेल त्यांनी धुणे, दळण आणि वसाहतीचा पाणीपंप दुपारी चालवावा. त्याने युनिट कमी होणार नाहीत, बिलही थोडेच घटेल. पण संध्याकाळचा भार हलका होईल. बिल कमी करायचे असेल तर युनिट कमी करा.’ हे वाचायला तितके आकर्षक नाही, पण खरे आहे.

वर्गात काय करता येईल?

मुलांना आठवडाभर घरचे मीटर दिवसातून दोनदा वाचायला सांगावे : सकाळी ९ वाजता आणि संध्याकाळी ५ वाजता. शाळेच्या वेळेमुळे जमत नसेल तर घरातल्या मोठ्यांची मदत घ्यावी. तेही नाही जमले तर रविवारी तरी करावे. त्यासाठी नवे मीटर असण्याची गरज नाही. चकतीचे मीटरही चालेल. दोन वाचनांतला फरक म्हणजे त्या वेळेतला वापर. मग प्रत्येकाने घरातल्या उपकरणांची यादी करून ‘फळ साठवता येते’ आणि ‘साठवता येत नाही’ अशा दोन रकान्यांत ती वाटावी. सवलतीचा आकडा मात्र ताज्या बिलावरून घ्यावा, कारण दर वेळोवेळी बदलतात. शेवटी प्रत्येकाने आपल्या घराचे उत्तर काढावे : काम सरकवून किती वाचेल, आणि वापर घटवून किती?

वहिनींनी हा प्रयोग आधी स्वतःच्या घरी केला. त्या शाळेत आणि दादा कचेरीत. आठ तासांत त्यांच्या मीटरवर जवळपास एकट्या फ्रिजचीच वीज मोजली गेली. ‘‘म्हणजे सवलत आमच्या फ्रिजला मिळते म्हणायची,’’ त्या हसून म्हणाल्या. पत्रक त्यांनी वर्गात लावले आहे. त्याच्या खाली पाटीवर प्रश्न लिहिला आहे : ‘या तीन वाक्यांपैकी कोणते खरे? मोजून सांगा.’