निर्दोष चित्राचं करायचं काय?

२००७ साली रेड वन कॅमेरा आला तेव्हा एकाच आकड्याची चर्चा होती: ४के, म्हणजे चित्राच्या रुंदीत सुमारे चार हजार पिक्सेल. मग आकडा फुगतच गेला आणि ब्लॅकमॅजिक कंपनीने थेट १७के गाठलं. चित्रपटगृहांतले प्रोजेक्टर मात्र २के नाहीतर ४केच दाखवतात, म्हणजे या शर्यतीचा प्रेक्षकाशी फारसा संबंध उरलेला नाही. २०१०चा आरी कंपनीचा अलेक्सा कॅमेरा जेमतेम २.८के टिपायचा, तरी छायालेखकांनी त्यालाच डोक्यावर घेतलं. त्वचेचा रंग त्याला कळत होता आणि खिडकीतलं ऊन तो पांढरंफटक करत नव्हता.

त्याच्याही आधी, 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी छायालेखक अँथनी डॉड मँटलने मुंबईच्या गल्ल्यांतून एसआय-२के हा छोटा डिजिटल कॅमेरा पळवला. काही भाग फिल्मवर होता, पण छायालेखनाचं ऑस्कर मिळालं ते या दमलेल्या, धावत्या चित्रांना. तिथे उपयोगी पडला तो कॅमेऱ्याचा लहानसा आकार.

पुढच्या कॅमेऱ्याकडून मला खरी अपेक्षा आहे ती शटरची. आजचे बहुतेक सेन्सर चित्र एका दमात वाचत नाहीत, ओळीओळीने वाचतात; हेच रोलिंग शटर. कॅमेरा झपकन वळला की विजेचे खांब तिरके होतात. सगळं चित्र एकदम टिपणारं ग्लोबल शटर हा त्यावरचा उपाय. ते रेड कोमोडोमध्ये २०२० सालीच आलं, पण प्रत्येक पिक्सेलला प्रकाश धरून ठेवायला जागा द्यावी लागते आणि त्याची किंमत उजेड-अंधाराच्या आवाक्यात मोजावी लागते. २०२२च्या अलेक्सा ३५चा आवाका कंपनी १७ स्टॉप सांगते, आणि त्यात रोलिंग शटरच आहे. हे दोन्ही गुण एकाच सेन्सरमध्ये तडजोडीशिवाय आले, तर तो ४के ते १७केपर्यंतच्या सगळ्या प्रवासापेक्षा मोठा पल्ला ठरेल.

लेन्सच्या बाबतीत उलटीच गंमत चालली आहे. सेन्सर जितका स्वच्छ, तितकी छायालेखकांना जुन्या, सदोष काचेची ओढ. १९७०च्या दशकातल्या कॅननच्या के-३५ लेन्स नव्या नळकांड्यात बसवून वापरल्या जातात. पॅनाव्हिजनमध्ये डॅन ससाकी छायालेखकाच्या फर्माइशीप्रमाणे लेन्स मुद्दाम 'बिघडवून' देतात. छायालेखक ग्रेग फ्रेझरने तर 'ड्यून' डिजिटलवर चित्रित केला, मग तो फिल्मवर उतरवला आणि पुन्हा स्कॅन केला. एवढा खटाटोप कशासाठी, तर चित्रातला काटेकोरपणा थोडा मोडावा म्हणून!

आता भाकीत असं की लेन्सचा स्वभावही संगणकच देईल. धूसरता, कडांची वक्रता, दिव्यांभोवतीचं तेज, सगळं नंतर एडिटच्या टेबलावर ठरवायचं. मला ही कल्पना नकोशी वाटते. सेटवर काचेतून पाहताना नट कुठे उभा राहील, दिवा किती खाली येईल, हे त्या काचेच्या दोषांनुसार ठरतं. दोष नंतर चिकटवला तर तो रंगरंगोटीच ठरतो. म्हणून अलेक्सा ३५मधली 'टेक्श्चर्स'ची सोय मला धाडसी वाटते. चित्राचा पोत चित्रीकरणाआधी निवडायचा. तो रॉ फाइलमध्येच पक्का होतो, नंतर पुसता येत नाही. प्रत्येक निर्णय पुढे ढकलायची सवय लागलेल्या या धंद्यात कॅमेरा कंपनीनेच असा अंकुश लावावा, हे विशेष.

स्वस्ताईची आशा मात्र जपून धरावी. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्सने 'द क्रिएटर' (२०२३) सोनीच्या एफएक्स३वर केला, तेव्हा चार हजार डॉलरच्या आतला कॅमेरा पाहून अनेकांना हुरूप आला. पण चित्रपटाचं बजेट ८ कोटी डॉलर होतं. पैसा इतरत्र मुरला होता. आपल्याकडच्या कमी खर्चाच्या निर्मात्यासाठी मला जास्त जवळची वाटते ती सिरुईसारख्या चिनी कंपन्यांची स्वस्त अ‍ॅनामॉर्फिक लेन्स. ती पॅनाव्हिजनच्या पासंगालाही पुरणार नाही, पण रुंद पडद्याचा तो आडवा, लांबोडका प्रकाश आता भाड्याच्या चिंतेशिवाय हाताळून पाहता येतो.