‘मऊ कूज’ : एका संज्ञेचे परीक्षण

बटाट्याच्या ज्या रोगास मराठी कृषिवाङ्मयात ‘मऊ कूज’ म्हणतात, त्याचे नाव परिणामावरून पडले आहे; कारणाचा त्यात निर्देश नाही. ‘कुजणे’ हे क्रियापद अकर्मक. ‘बटाटा कुजला’ या वाक्यात कर्तृपद बटाट्याकडे जाते आणि खरा कर्ता, म्हणजे जिवाणू, वाक्याबाहेर राहतो.

शास्त्रीय नामावलीही निर्दोष नाही. जोन्स यांनी १९०१ मध्ये गाजरावरील जिवाणूस दिलेल्या नावातील ‘कॅरोटोव्होरस’ या पदाचा अर्थ ‘गाजर खाणारा’ असा होतो. पुढे त्याचा समावेश ज्या ‘अर्विनिया’ प्रजातीत झाला, तिचे नाव अर्विन स्मिथ यांच्यावरून आले. १९४५ मध्ये सुचविलेले व १९९८ मध्ये पुनरुज्जीवित झालेले ‘पेक्टोबॅक्टेरियम’ हे नाव मात्र प्रक्रियेचा निर्देश करते.

जिवाणू बटाटा गिळीत नाही. त्याचे पचन शरीराबाहेर चालते. त्याने स्रवलेली विकरे पेशींना सांधणारे पेक्टिन तोडतात, पेशी सुट्या होतात व गर लिबलिबीत होतो. विघटित द्रव्ये जिवाणूच्या पेशीत शिरली म्हणजे विकरनिर्मितीवरील निरोध उठतो. अर्थात पचनच अधिक पचनास प्रवृत्त करते. ऑक्सिजन नसला तरी जिवाणू किण्वनावर जगतो, आणि किण्वनाच्या ब्यूटेनडायॉल मार्गामुळे आम्लता वाढत नाही. पेक्टिन तोडणाऱ्या प्रमुख विकरास हेच अनुकूल असते. उलट बटाट्याचे जखम भरून काढण्याचे कार्य ऑक्सिजनवाचून खुंटते.

या विवेचनाचे मोल शेतावर ठरते. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर खरीप बटाट्याची काढणी पावसाळा सरता सरता होते. ओल्या कंदावरील पाण्याचा पापुद्रा हवा अडवितो. म्हणून ‘पाणी लागले’ हा बोलीतील प्रयोग ‘कूज’ या संज्ञेपेक्षा कारणाच्या अधिक जवळ जातो, जरी पाणी हा कर्ता नव्हे, कर्त्याचा साहाय्यक आहे. शिवाय ‘मूळकूज’, ‘खोडकूज’ या बहुधा बुरशीजन्य रोगांशी नामसाम्य असल्याने बुरशीनाशकाची फवारणी होण्याचा संभव असतो; ती येथे सामान्यतः व्यर्थ. कंद सुकवणे, जखमी कंद वेगळे काढणे व साठ्यात हवा खेळती ठेवणे हेच खरे उपाय.

रूढ संज्ञा बदलण्याचे कारण नाही. परंतु तिच्या व्याख्येत जिवाणूस कर्त्याचे स्थान मिळाले पाहिजे. ते न मिळाल्यास परिभाषा रोगाचे वर्णन करील, पण त्याचा बोध देणार नाही.